खेळाडूचा संसर्जन क्रम : दुखापतीनंतर परतणारा नवोदित, त्याचे चाहते आणि वैद्य

पंचकर्म करणाऱ्या प्रत्येक वैद्यास एक अनुभव हमखास येतो. वमन किंवा विरेचन सम्यक् झालेला रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसन्न असतो. अंग हलके, मन उल्हसित, भूकही लागल्यासारखी. नातेवाईक घरून साग्रसंगीत डबा घेऊन येतात आणि पेयेच्या वाटीकडे पाहून विचारतात, "बरे झाले ना आता? मग हे पातळ पाणी आणखी किती दिवस?" डबा आणण्यामागे प्रेमच असते. परंतु रुग्णाला बरे वाटत असले तरी त्याचा अग्नी अद्याप मंद आहे, हे वैद्य जाणतो. म्हणून तो डबा परत पाठवतो आणि संसर्जन क्रम पूर्ण करवून घेतो.

दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूची अवस्था अगदी अशीच असते. वेदना शमलेली असते, शोथ उतरलेला असतो, चालणे सुधारलेले असते. मात्र आतील धातू अद्याप भार पेलण्यास समर्थ झालेला नसतो. डबा घेऊन दाराशी उभे असतात ते त्याचे चाहते. पंचकर्मातील डबा नाकारताना न कचरणारे आपण, या दुसऱ्या डब्यापुढे मात्र अनेकदा नमते घेतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा यथामति विचार केला आहे. क्रीडावैद्यक हा काही मोजक्या तज्ज्ञांचाच प्रांत आहे, असा समज आहे. वस्तुतः गल्लीतला, शाळेतला, क्लबातला खेळाडू पाय मुरगळल्यावर प्रथम येतो तो आपल्याच दवाखान्यात.

एक रुग्णवृत्त

नागपूर आणि कामठी परिसराला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम आणि राहुल क्लब ही नावे येथील क्रीडारसिकांना नव्याने सांगावयास नकोत. अशाच एका वस्तीतील १८ वर्षांचा आघाडीचा खेळाडू काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. पहिलाच हंगाम, पाच सामन्यांत चार गोल आणि साऱ्या मोहल्ल्याच्या तोंडी त्याचे नाव. सहाव्या सामन्यात उजवा पाय आत वळून घोटा मुरगळला. क्ष-किरण तपासणीत अस्थिभग्न नव्हता. बाहेरील बाजूच्या अस्थिबंधाला मध्यम स्वरूपाची इजा होती. विश्रांती, पट्टबंधन, लेप, आभ्यंतर शोथहर चिकित्सा असा उपक्रम सुरू केला.

तीन आठवड्यांत वेदना गेली, सूज उतरली. चौथ्या आठवड्यात अंतिम सामना होता. त्याच्या दोन दिवस आधी मोहल्ल्यातील सात-आठ जण दवाखान्यात आले. त्यांतील एक वडीलधारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, फायनलले तेवढं उतरू द्या त्याले. पोरगं तयार आहे." मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "काहीच दुखत नाही, डॉक्टर." मी घोटा दाबून पाहिला, चालवून पाहिले आणि संमती दिली. एका पायावर उभे करून पाहिले नाही, उडी मारावयास लावली नाही, दिशा बदलून पळवले नाही. सामन्याच्या पंचविसाव्या मिनिटाला तोच घोटा पुन्हा मुरगळला. या वेळी इजा अधिक गंभीर होती. पुढचे साडेचार महिने तो मैदानाबाहेर राहिला.

नंतर त्याने सांगितले की, त्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना घोटा दुखत होता. "मग मला का सांगितले नाहीस?" असे विचारता तो म्हणाला, "एवढे लोक आले होते, डॉक्टर." या प्रकरणी मोहल्ल्याला दोष देणे सोपे आहे, परंतु संमती माझी होती आणि चूकही माझीच. त्याच्या त्या एका वाक्याने मला जे शिकवले, तेच या लेखाचे प्रयोजन होय.

चाहत्यांची अपेक्षा : तीन प्रकार

चाहत्यांच्या अपेक्षेचे तीन प्रकार करता येतात. पहिली अपेक्षा तारखेची. अमुक सामन्याला तो हवाच, कारण तो सामना महत्त्वाचा आहे. सामन्याची तारीख आयोजक ठरवतात, धातूंचा रोपणकाल प्रकृती ठरवते. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. दुसरी अपेक्षा 'पूर्ववत्' असण्याची. तो येईल आणि जेथे थांबला तेथूनच पुढे सुरू करील, असे गृहीत धरले जाते.

तिसरी अपेक्षा नवोदिताच्याच वाट्याला येते आणि तीच सर्वांत जड असते. अनुभवी खेळाडूचे दहा वर्षांचे यशापयश लोकांनी पाहिलेले असते. नवोदिताचे मात्र चार-पाच उत्तम सामनेच त्यांच्या स्मरणात असतात. त्यावरून लोक त्याच्या संपूर्ण कारकिर्दीचे चित्र रंगवतात. तो दुखापतीमुळे बाहेर बसला की ते चित्र आणखी उजळते, कारण मैदानाबाहेर असलेला खेळाडू कधीच चुकत नाही. संघ हरला की "तो असता तर" असे म्हटले जाते. अशा रीतीने सहा महिन्यांनी जो परततो त्याची तुलना त्याच्या पूर्वीच्या खेळाशी होत नाही. ती होते लोकांच्या मनातील प्रतिमेशी, आणि या प्रतिमेस कधीही दुखापत झालेली नसते.

धातूंचा काळ

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आजच्या बोलीत आपण मांसपेशीला 'स्नायू' म्हणतो. सुश्रुताचार्यांचा स्नायू मात्र बांधणारा आहे. आधुनिक परिभाषेतील लिगामेंट आणि तत्सम तंतुमय धातू त्यात येतात. फळ्या जोडून केलेली नौका बंधनांनी घट्ट बांधलेली असल्यामुळे भार वाहू शकते, तसे शरीर स्नायूंच्या बंधनांमुळे भारक्षम होते, असा दृष्टान्त त्यांनी शारीरस्थानात दिला आहे. अस्थी, पेशी, सिरा आणि संधी यांच्या विकृतीपेक्षा स्नायूची विकृती अधिक घातक ठरते, हेही त्यांनी तेथेच नोंदवले आहे. मर्मविचारात गुल्फ हे रुजाकर तर जानु हे वैकल्यकर मर्म सांगितले आहे. फुटबॉलपटूच्या दुखापती नेमक्या याच दोन ठिकाणी अधिक होतात.

भग्नचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी वयानुसार काळ सांगितला आहे : प्रथम वयात संधी एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट काळ लागतो. यातील आकड्यांपेक्षा तत्त्व महत्त्वाचे आहे. स्थैर्य येण्यास काळ हे स्वतंत्र कारण आहे. उत्तम औषध आणि उत्तम बंधन असले तरी काळ वगळता येत नाही. मात्र तेथील 'स्थिर' या शब्दाचा अर्थ दैनंदिन व्यवहारास योग्य असा घ्यावा. नव्वद मिनिटे धावणे, उडी घेऊन एका पायावर उतरणे, समोरच्याची धडक सोसणे हे वेगळेच बल आहे.

आधुनिक शास्त्रही हेच सांगते. मांसपेशीला रक्तपुरवठा विपुल असल्याने तिची सौम्य इजा काही आठवड्यांत भरून येते. अस्थिबंध आणि कंडरा यांचा रक्तपुरवठा तुलनेने अल्प, त्यामुळे त्यांचे तंतू पुन्हा सुसंघटित होण्यास अनेक महिने लागतात. गुडघ्यातील पुढचा क्रूसाकार अस्थिबंध, ज्यास खेळाडू एसीएल म्हणतात, तो तुटल्यास शस्त्रक्रियेने दुसऱ्या ठिकाणची कंडरा तेथे बसवतात. पहिल्या काही महिन्यांत ही बसवलेली कंडरा अधिक दुर्बल होते आणि त्यानंतर सावकाश बळकट होत जाते. विशेष हे की, ती सर्वांत दुर्बल असते त्याच सुमारास रुग्णाची वेदना जवळपास नाहीशी झालेली असते.

काही आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. अशा शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार शंभरांपैकी सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, ६५ जण आपल्या पूर्वीच्या पातळीवर पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात परतले ते सुमारे ५५. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवावे, तितकी दर महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटते. पंचविशीच्या आतील आणि खेळात परतलेल्या रुग्णांत सुमारे २३ टक्क्यांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा तशीच इजा झाल्याचे दिसते. म्हणजे चाहते ज्या वयात सर्वाधिक घाई करतात, त्याच वयात धोकाही सर्वाधिक असतो.

आपल्या गावचे उदाहरण

फुटबॉलमधून क्षणभर क्रिकेटकडे वळतो, कारण आपल्या गावचे सर्वांत बोलके उदाहरण तेथे आहे. खापरखेड्याजवळील वलनी येथील कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव याने मे २०१० मध्ये भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना खेळला. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत त्याचे कसोटी पदार्पण झाले. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला क्रिकेटपटू. जानेवारी २०१२ मध्ये पर्थ येथे त्याने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले तेव्हा नागपूरच्या अपेक्षांना काय भरती आली असेल, हे सांगावयास नको.

नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या अहमदाबाद कसोटीनंतर पाठीच्या दुखापतीने तो मालिकेबाहेर गेला. त्याच मालिकेतील चौथी कसोटी १३ डिसेंबरपासून जामठ्याच्या मैदानावर होती. आपला पोरगा आपल्या मैदानावर कसोटी खेळणार, ही नागपूरकरांची स्वाभाविक आशा होती. तो सामना त्याच्याविनाच झाला.

पुढील घटनाक्रम पाहावा. २०१३ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील चॅम्पियन्स करंडक स्पर्धेपूर्वी कार्डिफ येथे झालेल्या सराव सामन्यात ऑस्ट्रेलियाचा डाव ६५ धावांत आटोपला. त्यात उमेशने १८ धावांत पाच गडी बाद केले. लोकांनी "आला परत!" म्हणून टाळ्या वाजवल्या. परंतु कसोटी क्रिकेटमध्ये तो परतला डिसेंबर २०१४ मध्ये, ब्रिस्बेन येथे. दोन वर्षांचा हा काळ केवळ दुखापतीचा नव्हता. संघनिवडीचाही त्यात भाग होता. २०१५ च्या विश्वचषकात १८ बळी घेऊन तो भारताचा सर्वाधिक यशस्वी गोलंदाज ठरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध त्याला जामठ्यावर कसोटी खेळावयास मिळाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या कसोटीत त्याने दहा बळी मिळवले. हुकलेला घरचा सामना त्याला मिळाला, परंतु पाच वर्षांनी. पाठीचे दुखणे लपवून तो डिसेंबर २०१२ मध्येच उतरला असता तर पुढचे काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

दुसरे उदाहरण मुंबईच्या पृथ्वी शॉ याचे, आणि तेथे विषय पुन्हा घोट्याचाच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे १८ वर्षांच्या या मुलाने कसोटी पदार्पणातच १३४ धावा केल्या. त्याची तुलना थोरामोठ्यांशी होऊ लागली. दोनच महिन्यांत, ३० नोव्हेंबर रोजी, सिडनीतील सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना त्याचा डावा घोटा दुखावला. तो मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीपर्यंत उभा राहील, अशी आशा व्यक्त झाली. पण अस्थिबंध तारखेनुसार भरून आला नाही आणि त्याला मायदेशी परतावे लागले. येथे संघव्यवस्थापनाने आशा बाजूस सारून धातूचा कौल मानला, हे वैद्याने लक्षात घ्यावे.

फुटबॉलविश्वातील दोन गुडघे

फुटबॉलमध्ये घाईचे आणि धीराचे उदाहरण एकाच गुडघ्यात पाहावयाचे असेल तर ब्राझीलचा रोनाल्डो आठवावा. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेस इजा झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. सुमारे पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २००० रोजी, तो रोम येथे इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत बदली खेळाडू म्हणून उतरला. जेमतेम सहा-सात मिनिटांत तीच कंडरा पूर्ण तुटली. पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मुकावे लागले. या दुसऱ्या खेपेस मात्र दीर्घ पुनर्वसन झाले, आणि २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले. त्यांतील दोन अंतिम सामन्यातील.

नवोदिताचे उदाहरण बार्सिलोनाच्या अन्सू फाती याचे. वयाच्या सोळाव्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, तो मुख्य संघातून खेळला. नोव्हेंबर २०२० मध्ये डाव्या गुडघ्याच्या गादीस इजा झाली आणि तो दहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला. मधल्या काळात मेस्सीने क्लब सोडला आणि त्याचा दहा क्रमांक १८ वर्षांच्या फातीला देण्यात आला. म्हणजे परतण्यापूर्वीच चाहत्यांची अपेक्षा त्याच्या पाठीवर अक्षरशः शिवली गेली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये तो अखेरची काही मिनिटे उतरला आणि त्याने गोलही केला. पण त्याच नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मांडीच्या मागील पेशीच्या दुखापतीने तो बाहेर गेला. या दुखापती अपेक्षांमुळेच झाल्या, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. पहिल्या गोलाचा अर्थ 'पूर्ण बरा' असा नसतो, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

चतुष्पादातील ज्ञापकत्व

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. रोग्याचे चार गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. खेळाडूच्या संदर्भात यांतील दोन गुणांचा विचार आपण पुरेसा करत नाही.

ज्ञापकत्व म्हणजे आपली पीडा वैद्यास यथार्थ सांगण्याची क्षमता. माझ्या रुग्णाची स्मृती उत्तम होती, पथ्यही त्याने पाळले होते. परंतु सात-आठ लोकांच्या उपस्थितीत त्याचे ज्ञापकत्व नष्ट झाले. चाहत्यांच्या अपेक्षेचा पहिला आघात सांध्यावर होत नाही, तो येथे होतो. रुग्ण खोटारडा नसतो. आपली वेदना ही इतक्या लोकांची निराशा आहे, असे त्याला वाटू लागते. एकदा वेदना लपवली गेली की वैद्याचे निदान, द्रव्य आणि अनुभव, तिन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून खेळाडूची तपासणी नेहमी एकांतात करावी. "दुखते का?" हा प्रश्न अपुरा आहे. "सकाळी पहिले पाऊल टाकताना कसे वाटते? पायऱ्या उतरताना? काल सराव केल्यावर आज सूज आहे का?" असे विचारावे.

अभीरुत्वाविषयीही गैरसमज असतो. चाहत्यांच्या दृष्टीने वेदना सोसून उतरणारा तो निर्भय. आचार्यांना अभिप्रेत असलेले अभीरुत्व म्हणजे रोग व चिकित्सा यांपुढे न डगमगणे. अठराव्या वर्षी साऱ्या मोहल्ल्यासमोर "मी अजून तयार नाही" असे म्हणण्यास जे धैर्य लागते, तेच खरे अभीरुत्व होय.

उपस्थात्याच्या गुणांत अनुराग आणि उपचारज्ञता हे दोन्ही येतात. चाहत्यांजवळ अनुराग उदंड असतो, उपचारज्ञता नसते. म्हणून त्यांना दवाखान्याबाहेर काढणे हा मार्ग नव्हे. घरातील माणसांना आपण पथ्यापथ्य समजावून सांगतो, त्याचप्रमाणे प्रशिक्षक, क्लबचे ज्येष्ठ आणि घरची मंडळी यांना समजावणे हा चिकित्सेचाच भाग मानावा. मात्र रुग्णाची संमती घेऊन आणि त्याची गोपनीयता राखूनच हे करावे.

मैदानाचा संसर्जन क्रम

पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष असा चढता क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. शुद्धीच्या प्रमाणानुसार तो सात, पाच किंवा तीन दिवसांचा असतो. अहितकर गोष्ट सोडताना व हितकर गोष्ट स्वीकारताना पादांशाने पुढे जावे, हाही चरकोक्त उपदेश आहे. खेळाडूसाठी तोच क्रम पुढीलप्रमाणे योजता येतो.

प्रथम शोथ व वेदना यांचे शमन आणि सांध्याची पूर्ण हालचाल. द्वितीय, बल आणि तोल : इजा झालेल्या पायावर डोळे मिटून उभे राहणे, एका पायाच्या चवड्यावर वारंवार उठणे. तृतीय, सरळ रेषेत धावणे. चतुर्थ, वेग बदलणे, वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे. पंचम, चेंडूसह परंतु धडकेविना सराव. षष्ठ, संघासोबत पूर्ण सराव. सप्तम, सामन्यातील मोजकी मिनिटे. आणि शेवटी पूर्ण सामना.

यात तीन नियम आहेत. एक, कोणत्याही पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वा शोथ वाढल्यास एक पायरी खाली यावे. दोन, इजा झालेल्या पायाचे बल व उडी निरोगी पायाच्या किमान ९० टक्के झाल्याशिवाय धडकेच्या खेळास संमती देऊ नये. तीन, व्यायाम अर्धशक्तीने करावा हे शास्त्रवचन येथे विशेष लागू पडते. मात्र ही अर्धी शक्ती आजच्या बलाची, दुखापतीपूर्वीच्या बलाची नव्हे. खेळाडू नेमका येथेच फसतो.

आपल्या मर्यादाही ओळखाव्यात. घोट्याच्या हाडावर दाबल्यास तीव्र वेदना असल्यास किंवा चार पावलेही टाकता येत नसल्यास क्ष-किरण तपासणी टाळू नये. गुडघ्यात आघातानंतर काही तासांतच मोठी सूज आल्यास आत रक्तस्राव व अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यावा आणि अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. ताज्या दुखापतीत जोरकस मर्दन करू नये. तुटलेला अस्थिबंध केवळ लेपाने जुळेल, असे आश्वासन कोणासही देऊ नये.

औषधयोजनेतील एक सावधानता

पृथ्वी शॉच्या कथेचा उत्तरार्ध वैद्यवर्गासाठी महत्त्वाचा आहे. घोटा बरा होऊन तो देशांतर्गत स्पर्धेत परतला. तेथे फेब्रुवारी २०१९ मध्ये घेतलेल्या मूत्रनमुन्यात टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य आढळले. खोकल्याच्या औषधातून ते अनवधानाने घेतले गेले, हे त्याचे स्पष्टीकरण मान्य झाले, तरीही आठ महिन्यांची बंदी भोगावी लागली. शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते, हेतू कोणताही असो.

आपल्या द्रव्यांपैकी कुपीलूचा विचार करावा. संधिगत व वातविकारांत विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कल्प आपण सहज देतो. कुपीलूतील स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत सामन्याच्या काळात निषिद्ध उत्तेजक आहे. एफेड्रा वर्गातील सोमकल्पातील एफेड्रीन विशिष्ट मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे आणि विजयाही सामन्याच्या काळात वर्ज्य. स्पर्धक खेळाडूस औषध देण्यापूर्वी त्यातील घटक तपासावेत, ते लिहून द्यावेत आणि घटक न छापलेला कल्प मुळीच देऊ नये.

समारोप

माझ्या त्या रुग्णाचे पुनर्वसन दुसऱ्या खेपेस वरील क्रमाने झाले. दर पंधरा दिवसांनी तो एकटा येत असे, आणि तपासणीनंतर मोहल्ल्यातील त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना त्याच्याच संमतीने आत बोलावून आजची पायरी कोणती हे मी सांगत असे. प्रथम ते नाराज होते. एकदा मी त्या मुलाला डोळे मिटून दुखऱ्या पायावर उभे राहण्यास सांगितले आणि त्यांनाही पाहावयास लावले. चार सेकंदांत त्याचा तोल गेला. दुसऱ्या पायावर तो अर्धा मिनिट निश्चल उभा राहिला. त्यानंतर त्यांनी कधी तारीख विचारली नाही.

पुढच्या हंगामातील पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ते दवाखान्यात डोकावले. मला वाटले, पुन्हा आग्रह होणार. ते दारातूनच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उद्या किती मिनिटं खेळवायचं त्याले?" मी म्हटले, "वीस." ते बरे म्हणून निघून गेले. मुलगा अखेरची वीस मिनिटे खेळला. गोल झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्यावर सूज नव्हती.

इत्यलम्.